मादी झिजलीय, एवढाच निरोप

अहो काकू, या बाजूनं नको, त्या बाजूनं सरका, या खिशात माझ्या मामांचा जबडा आहे!... खालचा. नाही नाही, घाबरू नका, हाडाचा नाही, कवळी हो, कवळी! रुमालात गुंडाळून आणलीय... मामा? मामा घरी. त्यांना ठाऊक नाही. म्हणजे एव्हाना ठाऊक झालं असेल, उठून पेल्यात हात घातला असेल, पेल्यात नुसतं पाणी, आता बसले असतील पलंगाखाली वाकून शोधत... पण मी तरी काय करू? सांगून आणायची सोय राहिलीय का? आमच्याकडे मी तोंड उघडलं की माणसं तुटतात! आणि नाव कुणाचं? दाइरोचं. दाइरोनं घोळ घातला, दाइरोला बोलायचं कळत नाही. अरे, डॉक्टरीणबाई बोलल्या तेच बोललो की! माझ्या पदरचा एक शब्द नाही. मी आपला निरोप्या!

तुम्हाला सांगतो, मी मुळात बोलणारा माणूसच नाही. लाजतो हो मी. शाळा का सोडली? बाईंनी उभं केलं की घाम फुटायचा, म्हणून सोडली. मामांनी आपल्या वाजंत्र्यांच्या ताफ्यात घेतलं आणि हातात छोटा ढोल दिला. त्या ढोलाचं नाव काय? 'हाक मारणारा'! आता बघा, ज्याला दुकानदाराला मीठ मागता येत नाही त्याच्या हातात हाक मारणारा! पण त्याला एकच ठोका असतो, एकसारखा, बडवत बसायचं. ते जमतं मला. तेवढंच करू द्यायचं ना? पण नाही. मामांच्या तोंडात स्क्रू बसले आणि मी निरोप्या झालो.

मामा म्हणजे एलिएसेर बुएल्वास. तुम्ही कार्ताहेना शहरातली माणसं, तुम्हाला नाव नसेल माहीत, तुमच्याकडे गाइता वाजते ती टुरिस्टांपुढे, जेवणाच्या टेबलाशी. आमच्या डोंगरात तसं नाही. आमच्याकडे माणूस मेला तरी वाजते. निवडुंगाच्या खोडाची ही एवढी लांब बासरी, डोक्यावर मेण आणि कोळसा मळून केलेली काळी टोपी, त्यात बदकाच्या पिसाची नळी, ती ओठांत धरायची. आणि जोडी असते बरं का. एक मादी, एक नर. मादीला पाच भोकं, गाणं ती गाते. नराला दोनच, तो खाली हुंकार भरत राहतो, आणि नर वाजवणाऱ्यानं दुसऱ्या हातात खुळखुळा धरायचा. मामा नर वाजवतात. मादी वाजवतात सातुरकाका. सातुर्निनो तापिया. चाळीस वर्षं दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत फुंकतायत. गावात कुणी त्यांची नावंसुद्धा घेत नाही. 'नर कुठे गेला?' 'मादीच्या अंगणात बसलाय.' असं! दोन मिशीवाले म्हातारे हो!

तर मामांचे दात गेले. वरची कवळी बसते हो, टाळूला चिकटून राहते. खालच्या कवळीला ना घर ना दार. जीभ हलली की ती हलते, फुंकर मारली की उठते. एका लग्नात मामांनी जोरात फुंकली तर कवळी बाहेर, नवरीच्या पुढ्यात! तेव्हापासून शपथ घातली मामांनी सगळ्यांना, की चारचौघांत 'कवळी' हा शब्द काढायचा नाही. 'दात' पण नाही. लक्षात ठेवा काकू हे, पुढे सगळी आग इथूनच लागलीय.

मग कुणीतरी सांगितलं की कार्ताहेनाला दातांच्या कॉलेजात... हो, हेच, जिथे आपण बसलोय ते... तिथे डॉक्टरीण बार्रासाबाई म्हाताऱ्यांच्या खालच्या जबड्यात दोन स्क्रू बसवतायत, फुकट. का फुकट? तर त्यांना बघायचंय की स्क्रूला कवळी अडकवायची कशी. चार तऱ्हा आहेत म्हणे. लोहचुंबक, पट्टी, गोळी आणि बटण. एकाच माणसाच्या तोंडात आळीपाळीनं चारही बसवायच्या, काही महिने ही, काही महिने ती, आणि मग त्याला विचारायचं, बाबा रे, कुठली बरी? इथली ती पोरगी कागद घेऊन बसते ना दाराशी, ती मामांना विचारते, 'आजोबा, समाधान एक ते दहात किती?' मामा म्हणाले, 'पोरी, अख्ख्या संसारात मला चारच्या वर मिळालं नाही, तू एका कवळीत दहा मागतेस?'

पहिलं लोहचुंबक. कवळीत चुंबक, खाली स्क्रूवर लोखंड, जवळ नेली की टक्! मामा खूश. दिवसभर टक् टक् टक्. पण फुंकर मारली की ती आडवी सरकायची, उठायची नाही, सरकायची! मामा नर वाजवतायत आणि हनुवटी चाललीय शेजारच्या सान हासिंतो गावाच्या दिशेला. वाजवायला निकामी. पण मामीला विचाराल तर तिला तीच आवडली. मामी झुले विणते, तिच्या सुया सारख्या पडतात. तर पेल्यातली कवळी उचलायची, जमिनीवरून फिरवायची, सुया गोळा! म्हणाली, 'यांचं तोंड पहिल्यांदाच उपयोगाला आलं.'

मग पट्टी. दोन स्क्रूंना जोडणारी धातूची पट्टी, कवळी तिला चिमट्यासारखी धरते. धरते म्हणजे काय धरते! निघेचना! मामी पाय लावून ओढतेय... आणि पट्टीखाली सगळं अडकतं. आम्ही न्यामे खाणारी माणसं, त्या कंदाचे धागे, मामा काडी घेऊन तासन्‌तास पट्टीखाली खणतायत. हिरड्या सुजल्या. मामा म्हणाले, 'मला लगाम घातलाय. आता पाठीवर खोगीर टाका आणि बाजारात विका.'

मग गोळी. अहाहा! काय सांगू तुम्हाला. स्क्रूवर ही एवढीशी गोळी, कवळीत तेवढीच वाटी, वाटीत रबराचं कडं. दाबली की 'क्लिक'. बाई म्हणाल्या, 'हा खालचा नर, ही वरची मादी.' मामा माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, 'दाइरो, ही डॉक्टरीण आपल्यातली आहे.' तिथेच, खुर्चीवर, मामांनी गाइता काढली आणि बाईंना वाजवून दाखवली. फोनमध्ये भरलेली सातुरकाकांसोबतची एक चालही ऐकवली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. हेही लक्षात ठेवा काकू. सगळं लक्षात ठेवायला लागतं माझ्या गोष्टीत, मी काय करू!

तर त्या गोळीवर मामा वीस वर्षांनी लहान झाले. आणि काही महिन्यांनी क्लिक गेला. एके दिवशी नुसताच 'फुस्'. गावातला गाइतांचा उत्सव जवळ आलेला, आणि कवळी पुन्हा फुंकरीबरोबर नाचायला लागली! आता तुम्ही आम्ही काय करू? डॉक्टरकडे जाऊ. गाइतावाला काय करतो? गाइताच्या टोपीला फट पडली की मेण आणि कोळसा मळतो आणि भरतो. मामांनी तेच मेण वाटीत भरलं! दात काळे, तोंड काळं, हसले की कोळशाची खाण... आणि मधमाश्यांचं मेण ते, मुंग्या लागल्या! माणसाच्या मिशीत मुंग्यांची रांग हो!

मी टेकडीवर गेलो, पाण्याच्या टाकीपाशी, तिथेच रेंज येते. बाईंना फोन लावला. म्हटलं, क्लिक येत नाही. बाई म्हणाल्या... आता नीट ऐका, मी शब्द शब्द तसाच सांगतो... 'नर सहसा झिजत नाही. मादी झिजली असणार. ती आता पहिल्यासारखी धरत नाही. बदलून टाकू. जुनी फेकून द्यायची, नवी चांगली धरेल. मामांना निरोप दे.' मी टेकडी उतरेपर्यंत घोकत होतो. विसरू नये म्हणून वाटेत कुणाला नमस्कारही केला नाही.

आलो तो सातुरकाकांच्या अंगणात तालीम. सगळा ताफा बसलेला. मामांनी कवळी काढून खिडकीत ठेवलेली, मेण निवायला. सातुरकाका मादी ओठांना लावून बसलेले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मला फुटला घाम, आणि मी एका दमात सगळं ओकलो. 'मामा-डॉक्टरीणबाईंचा-निरोप-आहे-मादी-झिजलीय-पहिल्यासारखी-धरत-नाही-बदलून-टाकू-म्हणाल्या-जुनी-फेकून-द्यायची-नवी-चांगली-धरेल!'

मोठ्या ढोलावरचा हात तसाच वर.

आता तुम्ही म्हणाल, हसायचं की सगळ्यांनी! कुणीतरी म्हणायचं की अरे, हा तोंडातल्या मादीचं बोलतोय! मीही तीच वाट बघत होतो. कुणी हसलंच नाही, काकू. कारण मागच्या कार्यक्रमात सातुरकाकांचा दम मधेच तुटला होता. त्याच्या मागच्यातही. सूर धरायचा आणि तो हातातून सुटायचा. कुणी बोललं नव्हतं. सगळे आपापल्या पायांकडे बघत वाजवत होते. आणि तेव्हाही सगळ्यांनी पायांकडेच बघितलं. सगळ्यांच्या मनात होतं ते माझ्या तोंडातून बाहेर पडलं आणि मला मेल्याला पत्ताच नाही!

कवळी म्हणायची सोय नाही, शपथ आहे. मामाच उठले. पण तोंडात कवळी नाही! म्हणाले, 'फातुल, तू नाही ले! माधी मादी! माधी मादी दिदलीय!' तेवढ्यात मामी कॉफी घेऊन दारात. 'कोण झिजलीय म्हणालात?' मामा तिच्याकडे वळून, 'तू नाही! ही नाही! तोंदातली!' 'हो, माझंच तोंड दिसतं तुम्हाला! एवढी वर्षं झुले विणून बोटं झिजली माझी, आता फेकून देऊन नवी आणा कार्ताहेनाहून!' कॉफी गेली आंब्याच्या मुळात. आणि सगळे माझ्याकडे असे बघतायत, जसं काही मीच सगळ्यांना झिजवलंय. मी आपला निरोप्या हो!

पण सातुरकाका भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिसाची नळी पुसली, गाइता जुन्या सदऱ्याच्या बाहीत घातली, आणि एवढंच म्हणाले, 'म्हणजे डॉक्टरणीलाही ऐकू आलं.' त्या फोनवरच्या चालीतून! त्यांना वाटलं, बाईंनी ऐकून निकाल दिला. आणि स्वतःचंच अंगण सोडून गेले ते घरात. आम्ही दुसऱ्याच्या अंगणात ढोल घेऊन बसलेलो... काय करायचं माणसानं अशा वेळी?

मग सुरू झाली माझी वारी... टपालाची हो! मामा म्हणाले, 'जा, सांग त्याला, गाढव आहेस, उत्सव तोंडावर आलाय, ये.' मी गेलो, सांगितलं. काका म्हणाले, 'सांग, गाढव आहेच. म्हातारं गाढव बदलतात.' परत आलो. मामा म्हणाले, 'सांग, तुझ्याशिवाय मी चढणार नाही मंचावर.' गेलो. 'सांग, दोन भोकांचा नर एकटा चढून करणार तरी काय?' परत. मामीकडून वेगळे निरोप! एकाच स्वयंपाकघरात समोरासमोर बसलेले दोघं, आणि मामी मला म्हणते, 'दाइरो, त्यांना विचार, केळं आणखी वाढू का.' केळं कसलं? कडकडीत तळलेलं, दोनदा! बिनदाताच्या माणसाला! मामा चोखत बसायचे आणि माझ्याकडे बघायचे. माझ्याकडे का?

शेवटी एकदा मी शपथ मोडली. सातुरकाका मागल्या दारी युकाचे कंद सोलत होते. म्हटलं, 'काका, कवळी!' 'कसली कवळी?' 'मामांची मादी. ती कवळीत आहे. रबराची. ती झिजली, तुम्ही नाही.' काकांनी सुरी थांबवली आणि मायेनं हसले. म्हणाले, 'पोरा, तू चांगल्या मनाचा आहेस. पण तुला खोटं रचता येत नाही. म्हणे तोंडात मादी!' बघा! खरं सांगितलं तर खोटं ठरलं. आणि म्हणाले, 'तू त्या दिवशी बोललास ना, ते बरं केलंस. पाय बघणारी माणसं मला नको झाली होती. मला ठाऊक आहे रे. रात्रंदिवस फुंकून बघतो. तो सूर यायचा थांबलाय. पण एक उत्सव आणखी वाटला होता निघेल.'

मी म्हटलं, 'काका, कार्ताहेनाला चला, ती मादी डोळ्यांनीच बघा.' ते म्हणाले, नाही. मी तिथेच बसलो. बोलता येत नाही पण बसता येतं मला. शेवटी युका संपला सोलायचा आणि ते उठले.

बसमध्ये मामा पुढच्या बाकावर, काका शेवटच्या, मधे मी. सगळा रस्ता! 'त्याला सांग खिडकी लाव.' 'त्याला सांग वारा मला हवाय, दम तुटलेल्याला वारा लागतो.' बसमधली माणसं पण निरोप द्यायला लागली मला!

इथे आलो, याच बाकावर बसलो. बाईंनी मामांची कवळी घेतली, आतलं मेण बघितलं, कपाळाला हात लावला. मग चिमट्यानं ते कडं काढलं आणि बोटाच्या टोकावर धरलं. मसुराएवढं. काळं पडलेलं, एका बाजूनं चिरलेलं. म्हणाल्या, 'हीच ती मादी. हिनंच धरायचं सोडलं होतं.' सातुरकाका वाकले. चष्मा लावला. पुन्हा वाकले. मग मामांकडे बघून म्हणाले, 'एवढीशी? आणि एवढ्याशा मादीवाचून तुझं तोंड बंद?' मामा म्हणाले, 'एवढ्याशीवाचून तोंड बंद पडतं, मग तुझ्यावाचून काय होत असेल, गाढवा.' म्हणजे त्यांना असं म्हणायचं होतं, बाहेर पडलं ते नुसतं 'फा फा'. मी सांगितलं नीट करून. सगळ्या आयुष्यात एक निरोप बरा पोचवला असेन तर तो.

गोळीची मुदत संपली होती, बाईंनी शेवटची तऱ्हा बसवली, बटण. चपटं, बुटकं. बाई म्हणाल्या, 'यात उलटं असतं. मादी खाली, स्क्रूवर, धातूची. नर वर, कवळीत, नायलॉनचा.' सातुरकाकांनी लगेच कान टवकारले. 'आणि झिजतं कोण?' बाई म्हणाल्या, 'नर. वर्षाकाठी बदलायला लागतो. मादी सहसा टिकते.' झालं! तो माणूस हसला म्हणून काय हसला! परतीच्या बसमध्ये ड्रायव्हरपासून कोंबड्यांपर्यंत सगळ्यांना सांगितलं, 'नर झिजतो, मादी टिकते! डॉक्टरणीनं सांगितलंय!' मामीलाही येऊन सांगितलं. तिनं त्या दिवशी मामांना मऊ भात वाढला.

उत्सव झाला. वाजवलं आम्ही. आणि मधेच सातुरकाकांचा दम तुटला... तुटणारच होता, रबर बदललं म्हणून काकांची छाती थोडीच बदलली? पण मामांनी नर सोडला नाही. दोन भोकं आणि खुळखुळा. कवळी हलली नाही हो जरासुद्धा! गाणं नाही, नुसता हुंकार, आणि खाली माझा एक ठोका, एकसारखा. लोकांना वाटलं, चालच तशी आहे. तेवढ्यात काकांनी श्वास गोळा केला आणि परत आले. खाली उतरल्यावर म्हणाले, 'एलिएसेर, बदल मला.' मामा म्हणाले, 'तुझ्या मापाची मिळत नाही दुसरी.'

संपलं असतं ना इथे? छान संपलं असतं. पण परवा पुन्हा टेकडीवर फोन. मामांचं बटण ढिलं लागतंय म्हणून मीच केला होता. बाई म्हणाल्या, 'नर झिजला असणार. बदलून टाकू. मामांना निरोप दे.'

काय सोपा निरोप आहे! सातुरकाका तर वर्षभर टपून बसलेत याच्यासाठी. मी टेकडीवरून उतरलो की दारातूनच ओरडायचे, 'काय रे, झिजला का नर?' पण काकू, महिन्याभरापासून मामांचा हात थरथरतोय. खुळखुळ्याचा. तो माझ्या ठोक्यावर पडत नाही, अलीकडे पडतो नाहीतर पलीकडे. परवा मी टेकडीवरून आलो, अंगणात तालीम चाललेली, आणि सगळे आपापल्या पायांकडे बघत वाजवत होते. सातुरकाकासुद्धा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मामांच्या हाताकडे बघितलं, आणि त्या माणसानं विचारलं नाही हो. विचारलंच नाही! मी म्हटलं, 'रेंज नव्हती.' आणि ढोल घेऊन बसलो.

आता तुम्हीच सांगा, कुठल्या तोंडानं सांगू, नर झिजलाय म्हणून? म्हणून पेल्यातून उचलली, रुमालात बांधली आणि पहिली बस धरली. गुपचूप नवा नर बसवायचा, अंधार पडायच्या आत पेल्यात परत. मामा विचारतील कुठे होती, म्हणेन मांजरानं नेली. निरोपच नको! यात कुणाचं काही बिघडतं का? ही गोष्ट या दोन कानांबाहेर...

थांबा, पुकारतायत वाटतं. ती कागदवाली पोरगी... काय म्हणाली?

'नर झिजलाय, नर बदलून पाहिजे, तो कोण? हात वर करा!'

अगं हळू! हळू की गं!... मी. मीच हो. सगळे बघतायत... हसा, हसा. काकू, तेवढी जागा धरून ठेवा माझी, आलोच मी... हो, विचारायचंच राहिलं, इतका वेळ मीच बोलतोय, तुम्ही कार्ताहेनाच्या कुठल्या भागातल्या?... काय? सान हासिंतोच्या? कार्ताहेनाच्या नाही?... कुणाच्या? सातुर्निनो तापियांच्या सुनेची आई?

...बरं. मग काही नाही. आता निरोप पोचवायला माझी काही गरजच नाही.